सुटका झाली, गोळ्यांचं काय?

येरवडा कारागृहातून सुटलेला बाहेरगावचा माणूस साधारण एकाच रस्त्यानं जातो. रिक्षा नाहीतर बस, मग बंडगार्डनचा पूल, मग पुणे स्टेशन. तिथून सोलापूर, लातूर, नांदेड, जिकडं घर असेल तिकडची गाडी. स्टेशनपासून पायी दहा मिनिटांच्या आत ससून रुग्णालय आहे आणि ससूनमध्ये एआरटी केंद्र आहे, म्हणजे एचआयव्हीची औषधं फुकट मिळण्याची जागा. नकाशात बघितलं तर यापेक्षा सोपं काही असूच शकत नाही. दवाखाना घरी जायच्या वाटेवरच आहे. तरीही आत असताना वर्षभर एकही गोळी न चुकवलेला माणूस बाहेर आल्यावर त्या दारापर्यंत पोचत नाही, असं होतं. का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

एक उदाहरण धरू. चाळिशीतला टेम्पोचालक, मारामारीच्या गुन्ह्यात आत गेला. कारागृहात आल्यावर समुपदेशन झालं, त्याच्या संमतीनं रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला. गोळ्या सुरू झाल्या, वजन वाढलं, खोकला गेला. आठ महिन्यांनी न्यायालयानं जामीन दिला. हमीदार मिळायला आणखी पंधरा दिवस गेले. मग एका संध्याकाळी कागद कारागृहात पोचला आणि बरॅकीच्या दाराशी हाक आली, ‘सामान घे, सुटका आहे.’ तासाभरात अंगझडती, सह्या, अंगठे. आत येताना जमा केलेलं पाकीट, पट्टा आणि बॅटरी मेलेला मोबाइल परत मिळाला. गोळ्या मात्र कारागृहाच्या दवाखान्यात, आणि दवाखान्यातले औषध देणारे पाचलाच घरी गेलेले.

बाहेर भाऊ उभा. भावाला यातलं काहीच माहीत नाही. ‘जरा थांब, माझ्या गोळ्या राहिल्यात’ असं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कसल्या गोळ्या?’

तो काही बोलत नाही. दोघं रिक्षात बसतात. ससूनची बाह्यरुग्ण सेवा त्या वेळी बंद झालेली असते आणि साडेनऊची गाडी असते.

आता त्याच्या शरीरात काय चाललंय ते पाहू, कारण इथला गैरसमज सगळ्यात महागात पडतो. गोळ्यांनी एचआयव्ही मरत नाही, दबून राहतो. हा विषाणू सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत शिरतो आणि तिथं स्वतःच्या प्रती काढतो. आपली प्रतिकारशक्ती चालवणारी ही मुख्य पेशी. एआरटीची औषधं हे प्रती काढायचं काम वेगवेगळ्या टप्प्यांवर अडवतात. पण काही विषाणू पेशींच्या आत नुसते झोपून असतात. त्यांचं काम चालूच नसल्यामुळं औषधाला अडवायलाही काही नसतं. गोळी बंद झाली की हे झोपलेले उठतात. बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा मोजता येईल इतका वाढतो.

गंमत अशी (गंमत म्हणायची पद्धत म्हणून), की या दोन-चार आठवड्यांत माणसाला काहीच होत नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही. उलट घरचं जेवण, मोकळी झोप, त्यामुळं तब्येत आणखी छान वाटते. साहजिकच मनात येतं, की गोळ्यांची गरज आत होती, आता बरा झालो. बिघाड कळतो तो काही महिन्यांनी, सीडी-४ पेशींची संख्या बरीच खाली गेल्यावर. तोवर खोकला परत आलेला असतो आणि या वेळी तो टीबी असतो.

‘थोडे दिवस बंद ठेवून पुन्हा सुरू केलं तर काय बिघडतं’ याचं उत्तर वीस वर्षांपूर्वीच मिळालंय. स्मार्ट नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५,४७२ रुग्णांचे दोन गट केले होते. एकाला अखंड औषध. दुसऱ्याला सीडी-४ चांगली असेपर्यंत सुट्टी, घसरली की पुन्हा औषध. सुट्टीच्या गटात गंभीर आजार किंवा मृत्यूचं प्रमाण अडीच पटींहून जास्त निघालं, म्हणून २००६च्या सुरुवातीला तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. लक्षात घ्या, ही सुट्टी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेली होती. आपला टेम्पोचालक कोणाच्याच देखरेखीखाली नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. सध्या आपल्याकडं बहुतेकांना जी एक गोळी मिळते, तिला टीएलडी म्हणतात. त्यात तीन औषधं असतात, टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५०. यातली पहिली दोन हिपॅटायटिस-बी या काविळीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात. ज्याला दोन्ही विषाणू आहेत, त्यानं टीएलडी अचानक सोडली तर दबलेला हिपॅटायटिस उसळून यकृताला मोठा दणका बसू शकतो. म्हणजे एक गोळी थांबते आणि दोन आजार सुटतात.

आणि औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होण्याचं काय? जुन्या गोळ्यांत हा धोका बराच होता. डोल्युटेग्राविर या बाबतीत चिवट आहे, सहजासहजी हार मानत नाही. पण आठवड्यातून तीनदा घेतली, चारदा विसरली, असं महिनोन्‌महिने चाललं तर तिचीही खात्री देता येत नाही. एआरटी केंद्रात किमान ९५ टक्के गोळ्या पोटात गेल्या पाहिजेत असं सांगतात. एका डबीत तीस गोळ्या असतात. हिशेब केला तर महिन्याला एक चुकली तर चालून जाईल, दोन चुकल्या की आपण रेषेच्या खाली.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती सुटणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर जायला हवी. गोळ्या नियमित चालू असतील आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला असेल, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराकडं जात नाही. ही नुसती समजूत घालायची गोष्ट नाही, हजारो जोडप्यांच्या पाहणीतून पक्कं झालेलं सत्य आहे. वर्ष-दोन वर्षांनी घरी परतणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला हे कळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. पण गोळी सुटली की हे कवचही काही आठवड्यांत जातं, आणि नेमकं माणूस घरी परततो तेव्हाच जातं.

तुरुंगात एचआयव्ही बाहेरपेक्षा जास्त का, असा प्रश्न येतो. देशात प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, कारागृहांत ते कित्येक पटींनी जास्त सापडतं. यातले पुष्कळ जण बाहेरूनच विषाणू घेऊन आलेले असतात, फक्त त्यांची तपासणी कधी झालेली नसते. सुईनं नशा करणारे, रस्त्यावर राहणारे, आज इथं तर उद्या तिथं काम करणारे, अशांची धरपकड जास्त होते आणि दवाखान्याशी गाठ कमी पडते. कित्येकांची आयुष्यातली पहिली नीट वैद्यकीय तपासणी कारागृहातच होते. म्हणायला विचित्र वाटतं, पण काहींसाठी कारागृह हा उपचारांचा सर्वांत शिस्तीचा काळ ठरतो.

शिस्त हा शब्द मुद्दाम वापरला. आत सगळं मोजणीवर आणि घंटेवर चालतं. बरॅक उघडणं, चहा, जेवण, बरॅक बंद होणं, सगळ्याची वेळ ठरलेली. गोळीही त्याच घड्याळाला बांधलेली असते. कुठं रोज समोर उभं करून देतात, कुठं महिन्याची डबी हातात देतात. रोज समोर दिल्यानं गोळी चुकत नाही, पण औषधाच्या रांगेत रोज तेच चेहरे दिसले की बाकीच्यांना अंदाज येतो आणि कुजबुज सुरू होते. शिवाय त्या माणसाला स्वतःची गोळी स्वतः सांभाळायची सवयच लागत नाही. बाहेर आल्यावर घंटा नसते. झोप अकराला उघडते, दुपारी वकिलाकडं जायचं असतं, रात्री मित्र येतात. ‘आत तर कधी विसरलो नाही, इथंच कसं होतं?’ असं ज्याला वाटतं, त्याला आळशी म्हणून चालणार नाही. त्याचं घड्याळच काढून घेतलेलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की सुटकेच्या आधी निदान दोन-तीन महिने डबी त्याच्याच ताब्यात द्यावी आणि किती उरल्या ते दर आठवड्याला मोजावं. चुकायचं असेल तर आत चुकू दे, विचारायला माणूस तरी आहे.

आता कायद्याकडं वळू. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३१ प्रमाणे सरकारच्या ताब्यात असलेल्या प्रत्येकाला एचआयव्हीचा प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार यांचा हक्क आहे. शिक्षा झालेला, खटला चालू असलेला, स्थानबद्ध केलेला, सगळे यात आले. कलम ५ सांगतं, की संमतीशिवाय तपासणी करायची नाही. कलम ८ सांगतं, की कोणाला एचआयव्ही आहे ही गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही. म्हणजे शिपायानं दारात उभ्या भावाला ‘याच्या गोळ्या तेवढ्या बघा हं’ असं आपुलकीनं सांगितलं, तरी ते चूकच.

पण कलम ३१चे शब्द नीट वाचा. ताब्यात असलेल्याला हक्क. दाराबाहेर पाऊल पडलं की तो माणूस सर्वसाधारण नागरिक होतो आणि त्याच्यासाठी कलम १४ उरतं, ज्यात सरकारनं औषधोपचार ‘शक्य तेवढे’ पुरवावेत अशी मवाळ भाषा आहे. कायदा मंजूर होताना या दोन शब्दांवर बाधितांच्या संघटनांनी आक्षेप घेतला होता आणि तो योग्यच होता. प्रत्यक्षात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून चालू आहे, आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की औषध सुरू करायचं असं धोरण आहे. तेव्हा अडचण औषध नसण्याची नाही. मधला हात नसण्याची आहे. कारागृह म्हणतं, आमच्याकडून सुटला. केंद्र म्हणतं, आमच्याकडं आलाच नाही. दोघंही खरं बोलतात.

शिक्षा भोगून सुटणाऱ्याची तारीख आधी माहीत असते, त्यामुळं त्याची तयारी करता येते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांनुसार देशातल्या कारागृहांत दर चारांपैकी तीन जण खटला संपायची वाट बघणारे न्यायालयीन बंदी आहेत. ते कधी सुटतील हे कोणालाच माहीत नसतं, त्यांनाही नाही. सुटकेआधी समुपदेशन, सुटकेआधी गोळ्या, सुटकेआधी पत्र, असं ज्या योजनेत लिहिलंय ती योजना चौथ्या माणसासाठी आहे. उरलेल्या तिघांना ‘सुटकेआधी’ नावाची वेळच मिळत नाही. त्यांच्यासाठी तयारी आत येण्याच्या दिवसापासून सुरू व्हायला हवी. पहिल्याच आठवड्यात गाव विचारा, तिथलं जवळचं एआरटी केंद्र शोधा, नाव-पत्ता त्याच्याकडून पाठ करून घ्या.

येरवड्यात मूळ क्षमतेच्या दुपटीहून अधिक माणसं कोंबलेली असतात, दवाखान्यावरचा ताण किती असेल ते सांगायला नको. ससूनला न्यायचं तर पोलिस पार्टी, म्हणजे सोबत जाणारी पोलिसांची तुकडी, उपलब्ध हवी. तेव्हा ‘एवढं कुठं करत बसणार’ हा प्रश्न मला कळतो. पण पत्ता पाठ करून घ्यायला पोलिस पार्टी लागत नाही.

अभिवचन रजेवर किंवा संचित रजेवर, म्हणजे पॅरोल-फर्लोवर जाणाऱ्यांचीही हीच गोष्ट. रजेच्या दिवसांइतक्या गोळ्या आणि वर आठवड्याच्या जादा, असा साधा हिशेब. एका कारागृहातून दुसऱ्यात, येरवड्यातून कोल्हापूर-कळंब्याला किंवा तळोजाला बदली होते तेव्हाही माणूस गाडीत बसतो आणि कागद मागे राहतो.

कागदांचं म्हणाल तर तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, हिरवं पुस्तक. एआरटी सुरू झालेल्या प्रत्येकाला ते मिळतं. त्यात नोंदणी क्रमांक, चालू औषध, सीडी-४ आणि विषाणूंच्या मोजणीचे आकडे असतात. दुसरी, एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नाव हलवण्याचं पत्र. तिसरी, हातात प्रत्यक्ष गोळ्या. तिन्ही असल्या तर नव्या केंद्रात अर्ध्या तासाचं काम असतं.

यात एक गोम आहे, जी टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्याच्या लवकर ध्यानात येत नाही. त्या पत्रावर कारागृहाचा शिक्का असतो. म्हणजे एकाच कागदावर दोन डाग, हा आतून आलाय आणि याला एचआयव्ही आहे. असा कागद शर्टाच्या खिशात ठेवून कोण गावी जाईल? बायको कपडे धुवायला घेणार, पुतण्या खिसे चाचपणार. कागद वाटेत फाटतो, गाडीच्या खिडकीतून जातो. मग केंद्रात ‘तुमचं पत्र कुठंय?’ विचारल्यावर सांगायला काही नसतं. उपाय अगदी साधा आहे. पत्र एआरटी केंद्राच्या साध्या कागदावर द्यावं, कारागृहाचा उल्लेख नको. रुग्णाची नोंद आता ‘सोच’ नावाच्या संगणक प्रणालीत असते, तेव्हा नोंदणी क्रमांक तेवढा जवळ असला तरी पुष्कळ काम होतं. तो मोबाइलमध्ये कोणाच्या तरी नावानं, फोन नंबर असल्यासारखा साठवून ठेवता येतो. मोबाइल हरवतो म्हणाल, तर मग पाठच करा. कैदी नंबर पाठ होतोच की.

आणि काहीच नसलं तरी जायचं. पत्र नाही, पुस्तक नाही, आधार कार्ड पोलिसांच्या मुद्देमालात अडकलंय, तरी जायचं. केंद्रात पुन्हा रक्त तपासतील, जुन्या केंद्राला फोन लावतील, थोडा वेळ जाईल. वाटेत अडकलेल्या किंवा तात्पुरत्या मुक्कामी असलेल्या रुग्णाला, नाव न हलवताही काही दिवसांच्या गोळ्या देण्याची सोय एआरटी केंद्रांत असते. पुण्यात ससूनशिवाय औंधचं जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय इथंही एआरटी केंद्रं आहेत. लहान तालुक्यांत ‘लिंक एआरटी केंद्र’ असतं, तिथं गोळ्या मिळतात, मोठी तपासणी जिल्ह्याला. कुठलं केंद्र जवळ हे कळत नसेल तर १०९७ हा एड्सविषयीचा फुकट फोन आहे, नाव न सांगता विचारता येतं.

सुटल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस का वाईट, याबद्दल परदेशातली दोन कामं सांगतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २००४ ते २००७ या काळात एआरटीवर असलेले २,११५ कैदी सुटले. प्रत्येकाला दहा दिवसांच्या गोळ्या बरोबर दिल्या होत्या. त्या संपायच्या आत पुढची औषधं कितींनी घेतली? शंभरात पाच. महिन्याभरात अठरा, दोन महिन्यांत तीस. तिथं औषधासाठी किचकट अर्ज भरावा लागे आणि ज्यांना तो आतच भरून दिला होता त्यांचं प्रमाण चांगलं निघालं. दुसरं काम वॉशिंग्टन राज्यातलं, २००७ साली छापलेलं. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत तिथल्या कैद्यांच्या (फक्त एचआयव्ही असलेल्यांच्या नव्हे) मृत्यूचं प्रमाण तिथल्या इतर रहिवाशांच्या जवळजवळ तेरा पट होतं. सर्वांत मोठं कारण नशेच्या औषधाचा अतिरेक. आत सवय मोडलेली असते, बाहेर येऊन जुन्याच मापानं घेतलं की शरीराला झेपत नाही. आपल्याकडची नशा वेगळी, दारू जास्त. पण सुटल्याच्या आनंदात पहिली संध्याकाळ कशी जाते हे आपल्याला माहीत आहे. दारूनं टीएलडी बिघडत नाही, दारूनं माणूस गोळी विसरतो. ‘आज दारू घेतलीय, मग गोळी नको’ असं समजून मुद्दाम सोडणारेही असतात. तसं करायचं नाही. दारू घेतली असेल तरी गोळी घ्या, दारूचं नंतर बोलू.

मग कशानं फरक पडतो? लॉस एंजेलिसमध्ये सुटणाऱ्यांना एक सोबती जोडून दिला. तोही एचआयव्हीबाधित, तोही कधीतरी आत जाऊन आलेला. तो पहिल्या काही भेटींना बरोबर यायचा, रांगेत उभा राहायचा. वर्षभरानं सोबती मिळालेल्यांत विषाणू दबलेल्यांचं प्रमाण होतं तितकंच राहिलं, इतरांत ते घसरलं. मला हे पटतं, कारण आपल्याकडं ससूनला पहिल्यांदा जाणारा कोणीही माणूस ‘जरा माहितगार बरोबर घेऊन जा’ हाच सल्ला ऐकतो. केस पेपर कुठं काढायचा, कुठल्या मजल्यावर, कितीला गर्दी कमी. पुण्यात बाधितांच्या संघटना आहेत, केंद्रांत समुपदेशक आहेत, जिल्हा पातळीवर डापकू म्हणून ओळखलं जाणारं एड्स नियंत्रण पथक आहे. माणसं आहेत. त्यांच्यापैकी एकाचा फोन नंबर सुटणाऱ्याच्या हातात, आणि सुटणाऱ्याची संमती घेऊन त्याचा नंबर त्यांच्याकडं, एवढी देवाणघेवाण झाली तरी खूप.

गोळीबद्दल दोन-चार बारीक गोष्टी. एखादी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढची वेळ तोंडावर आली असेल तर तीच घ्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. जेवणाआधी की नंतर, यानं फरक पडत नाही. पण ॲसिडिटीची जेलुसिलसारखी औषधं डोल्युटेग्राविरला शोषू देत नाहीत. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी घ्यावी किंवा सहा तासांनंतर. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे, मात्र जेवणाबरोबर दोन्ही घेतल्या तर चालतं. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं आणि ते डोल्युटेग्राविरचा निचरा भराभर करतं. म्हणून टीबीचा उपचार चालू असेल तर डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. सुटताना ही दुसरी छोटी गोळी हमखास राहून जाते. महिना-दोन महिने खंड पडला असेल तर घरात उरलेली डबी आपल्या मनानं सुरू करू नये. केंद्रात आधी टीबी वगैरे आहे का बघतात, सीडी-४ बघतात, मग ठरवतात. आणि खंड पडला म्हणून ओरडा बसेल या भीतीनं जायचं टाळू नका. ओरडा बसलाच, तर तो पाच मिनिटांचा असतो.

डबीचा आवाज हीसुद्धा मोठी अडचण आहे, हे वाचून हसू येईल. पांढरी प्लॅस्टिकची डबी, आत तीस मोठ्या गोळ्या आणि ओल शोषणारी पुडी. एसटीत पिशवी हलली की खुळखुळा वाजतो. लोक वरचं लेबल खरवडून काढतात, आत कापूस कोंबतात. लेबल काढलं तर हरकत नाही, नाव लक्षात असलं म्हणजे झालं. कापूसही चालेल, पण स्वच्छ आणि कोरडा. कागदाच्या पुडीत किंवा रुमालात बांधून ठेवू नका, पुण्याच्या पावसाळ्यात गोळीला ओल लागते. एसटीच्या साध्या गाडीत एचआयव्हीबाधितांना प्रवासाची सवलत आहे, पण ती घ्यायची तर कंडक्टरला कार्ड दाखवावं लागतं, आणि गावच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा असतो. कित्येक जण तिकीट काढून मोकळे होतात. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळू शकतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. पैसे कामाचे आहेत, तरी अर्ज तलाठ्यापासून तहसीलपर्यंत कोणाकोणाच्या हातातून जातो याचा विचार करूनच माणूस तो भरतो.

येरवड्यातलं महिला कारागृह वेगळं आहे आणि तिथून सुटणाऱ्या बाईची अडचण आणखी वेगळी. तिला न्यायला बऱ्याचदा कोणी आलेलंच नसतं. माहेरही नको म्हणतं, सासरही. ती जाणार कुठं हे ठरल्याशिवाय तिचं केंद्र कुठलं हे ठरत नाही. तिच्या बाबतीत आधी छप्पर, मग गोळी.

परत त्या टेम्पोचालकाकडं. समजा, त्याला आतच कोणी समुपदेशक भेटल्या, ज्यांनी पत्ता, क्रमांक, महिन्याच्या गोळ्या सगळं नीट केलं. तरी एक गोष्ट उरते, आणि ती करून घ्यायला दहा मिनिटं लागतात. एकदा तालीम करायची.

‘दादा, भावानं डबी बघितली. विचारलं, कसल्या गोळ्या? काय सांगाल?’

तो बराच वेळ गप्प. ‘बीपीच्या.’

‘चालेल. मग तो म्हणाला, बीपीच्या गोळ्या तर गावातल्या डॉक्टरकडं पण मिळतात. दर महिन्याला एवढ्या लांब जिल्ह्याला कशाला जातोस?’

हे त्यानं धरलं नव्हतं. छताकडं बघतो, मान खाजवतो.

‘सांगेन… तिकडचीच लागू पडते मला.’

‘हां. हे चालेल. आता परत एकदा, न अडखळता.’